अमारोक ते स्ट्रॉबेरी : एका खुल्या म्युझिक प्लेअरचा प्रवास

तुकोबांच्या पालखीचं काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवडीला गोल रिंगण होतं आणि इंदापूरचा मुक्काम आटोपून पालखी सराटीला नीरेकाठी पोचते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या या वाटेवर दर आषाढात मोबाइलवर किती भजनं-कीर्तनं रेकॉर्ड होत असतील, त्याला गणती नाही. पुढे ती कॉम्प्युटरवर उतरवली जातात आणि ‘ऑडिओ००१२’ अशा नावानं पडून राहतात. संग्रह असतो, पण ऐन वेळी हवं ते सापडत नाही. गाणं वाजवण्याइतकंच गाणं शोधून देण्याला महत्त्व देणारा एक प्लेअर लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तयार झाला. त्याचं नाव अमारोक.

मार्क क्रेट्शमान या प्रोग्रामरनं २००३ मध्ये तो सुरू केला. त्या काळी लिनक्सवर एक्सएमएमएस नावाचा प्लेअर चालायचा, पण त्यात गाण्यांची यादी लावणं कटकटीचं होतं. क्रेट्शमाननं खिडकीचे दोन भाग केले. एकीकडे साठवलेली गाणी, दुसरीकडे वाजवायची यादी; इकडून उचलायचं, तिकडे सोडायचं. २००६ मध्ये आलेल्या १.४ आवृत्तीपर्यंत गाण्याचे बोल, अल्बमचं मुखपृष्ठ, गायकाची माहिती, कोणतं गाणं किती वेळा ऐकलं याचा हिशेब, हे सगळं एकाच ठिकाणी आलं. लांडग्याचं चिन्ह असलेल्या या प्लेअरसाठीच काही जण लिनक्स वापरायचे.

मग तो विंडोजवर का नव्हता? पाच एचपीची मोटर एका विहिरीवरून काढून दुसरीवर बसवायची, तर मोटर तीच राहते. पाइप, केबल आणि स्टार्टर मात्र नव्यानं जुळवावे लागतात. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. पडद्यावर बटण काढणं, फाइल उघडणं, स्पीकरकडे आवाज पाठवणं ही कामं प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आपापल्या पद्धतीनं करते. अमारोकचा पडद्यावरचा भाग नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीच्या ‘क्यूट’ या साधनसंचावर उभा होता. हा संच लिनक्सवर जीपीएल या खुल्या परवान्याखाली मिळायचा, विंडोजवर मिळत नव्हता. म्हणजे अडचण तंत्राइतकीच परवान्याचीही होती. जून २००५ मध्ये क्यूट ४ विंडोजसाठीही जीपीएलखाली आलं आणि वाट मोकळी झाली. आवाजासाठी केडीई या खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पानं ‘फोनॉन’ हा मधला थर तयार केला. प्लेअरनं फोनॉनला सांगायचं, पुढचं त्या त्या सिस्टिमशी फोनॉन बघून घेईल.

या पायावर बांधलेलं अमारोक २.० डिसेंबर २००८ मध्ये आलं. विंडोज आणि मॅकवर ते चालवता येऊ लागलं, पण सुरुवातीला प्रायोगिक स्वरूपातच. घर नवं बांधताना जुन्या सोयी मात्र मागे राहिल्या. गाणी रांगेत लावणं, यादीत शोधणं यांसारख्या रोजच्या गोष्टी या २.० आवृत्तीत नव्हत्या. जुने वापरकर्ते नाराज झाले.

एखाद्या कंपनीचं सॉफ्टवेअर असतं, तर इथे तक्रार करून गप्प बसावं लागलं असतं. इथे मूळ कोड सगळ्यांच्या हातात होता. डेव्हिड सॅन्समनं जुन्या १.४ चा साचा घेतला, तो क्यूट ४ वर आणला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये क्लेमेंटाइनची पहिली आवृत्ती दिली. लिनक्स, विंडोज आणि मॅक, तिन्हीकडे चालणारा हा प्लेअर लोकांनी उचलून धरला. २०१६ च्या १.३ आवृत्तीनंतर त्याच्या कामाचा वेग मंदावला. तेव्हा योनास क्विंगे यांनी त्याच कोडमधून स्ट्रॉबेरी हा नवा प्लेअर काढला. २०१८ मध्ये तो लोकांपुढे आला. खुद्द अमारोकही संपला नाही. सहा वर्षांच्या खंडानंतर एप्रिल २०२४ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली.

मराठी माणसाच्या दृष्टीनं कळीचा मुद्दा आहे टॅगचा. एमपी३ फाइलच्या आतच गाण्याचं नाव, गायक, अल्बम लिहिण्याची सोय असते. त्याला आयडी३ टॅग म्हणतात. जुना टॅग फाइलच्या शेवटच्या १२८ बाइटमध्ये बसतो आणि त्यात नावाला जागा ३० बाइटची. यूटीएफ-८ या यूनिकोड पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा आणि अनुस्वारही तीन-तीन बाइट खातो. ‘बेलवडी रिंगण’ लिहायला गेलं, तर ‘बेलवडी रिं’ इथेच जागा संपते. त्यातल्या गीतप्रकारांच्या ठरावीक यादीत पोल्का आहे; अभंग, गवळण, लावणी नाहीत. नव्या आयडी३ व्ही२ टॅगमध्ये ही अडचण राहिली नाही. त्यात यूनिकोड चालतं, नाव हवं तेवढं लांब लिहिता येतं आणि प्रकारही आपला आपण टाइप करता येतो. जुन्या, यूनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली नावं मात्र प्लेअरमध्ये इंग्रजी अक्षरांचा काला होऊन दिसतात. ती कन्व्हर्टर वापरून यूनिकोडमध्ये बदलावी लागतात, नाही तर पुन्हा टाइप करावी लागतात.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानची आयटी संस्था आहे, तिची ‘वसुंधरा वाहिनी’ ही कम्युनिटी रेडिओ वाहिनीही आहे. म्हणजे कॉम्प्युटर जाणणारी मुलं आणि आवाजाची किंमत कळणारी माणसं एकाच गावात आहेत. त्यांनी आपापल्या गावच्या भजनी मंडळाकडे, कीर्तनकारांकडे एकदा चक्कर मारावी. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि त्यावर स्ट्रॉबेरी किंवा अमारोक टाकायला पैसे लागत नाहीत. रेकॉर्डिंग आत घ्यावीत आणि देवनागरीतच टॅग भरावेत : कोण गायलं, कोणत्या गावी, कोणत्या साली. टॅग फाइलच्या आत राहतो. उद्या प्लेअर बदलला, ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, तरी ही माहिती सोबत जाते. गाणारा कोण होता हे सांगणारी माणसं हयात आहेत, तोवर हे काम करून घ्यावं.