डोंबिवलीतलं हॉटेल पारखताना

डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र, उडपी हॉटेल आणि वडापावची गाडी यांची गर्दी लोकलच्या वेळांवर हलते. संध्याकाळी स्टेशनबाहेर पडलेला माणूस अनेकदा पोळ्यांचं पाकीट घेऊनच घरी जातो. रोजचं गिऱ्हाईक असलेल्या ठिकाणी माल पडून राहत नाही. ताजेपणाची ही सर्वांत भरवशाची खूण.

खरी परीक्षा तेलाची. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढतात. त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायला 1 जुलै 2018 पासून देशभर मनाई आहे.

मोजायला यंत्र लागतं. पण काळपट, दाट, फेस धरणारं आणि लवकर धूर सोडणारं तेल डोळ्यांनाही ओळखू येतं. अशा कढईतला वडा टाळलेलाच बरा, मग गाडी कितीही नावाजलेली असो.

शिजवलेलं अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा 5 अंशांच्या खाली थंड ठेवायचं असतं. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून कोमट सांबार धोक्याचं. ओल्या नारळाची चटणी तर उन्हाळ्यात काही तासांतच आंबते.

अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावरही लागतो. पोट बिघडल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. त्यासाठी बिल जपून ठेवावं.