नाकावर भिस्त नको

हॉटेलांच्या स्वयंपाकघरात जळणारा एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. मुळात त्याला जवळजवळ वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. म्हणूनच ‘गळती झाली तर वास येईलच’ असे अनेकजण म्हणतात. पण तोच वास सतत येत राहिला की नाकाची संवेदना बोथट होते, आणि फोडणीच्या धुरात तर तो लपूनच जातो. हवेत या वायूचे प्रमाण साधारण २ टक्के झाले की एक ठिणगी पुरते.

‘वर एक्झॉस्ट पंखा आहे’ हा दुसरा युक्तिवाद. तो पंखा धूर आणि वाफ ओढतो, कारण गरम असल्याने ती वर चढतात. एलपीजी मात्र हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली आणि गटारात साचतो. त्यामुळे हवा जाण्याच्या वाटा खालीही हव्यात आणि गळतीसूचक यंत्र जमिनीजवळ हवे. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, म्हणून तिथे यंत्र छताजवळ लागते.

राहिला गळती तपासण्याच्या खर्चाचा मुद्दा. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायला खर्च जवळजवळ नाहीच. नळी उष्णतेने तडकते, व्हॉल्व्हमधले वॉशर झिजते. नियमित तपासणीत हे वेळीच सापडते. हॉटेलचालकांनो, ही तपासणी ठरलेल्या दिवशी करा, रोज काम संपताच सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. आणि वास आलाच, तर विजेच्या बटणाला हात न लावता आधी माणसे बाहेर काढा.