परजनुकीय उंदीर : पशुसुधारणेच्या प्रयोगांची पहिली पायरी

बीटी कापसामुळे 'परजनुकीय' हा शब्द शेतकरी बंधूंच्या चांगला परिचयाचा झाला आहे. जनावरांमध्ये असा बदल कसा करतात, हे समजून घ्यायचे असेल तर प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरापासून सुरुवात करावी लागते. उंदराची गर्भधारणा सुमारे २० दिवसांची असते व पिल्ले दोन महिन्यांच्या आत वयात येतात. त्यामुळे गाईत अनेक वर्षे लागणारे काम उंदरात काही महिन्यांत होते.

अंड्यात जनुक सोडण्याची पद्धत

ही पद्धत १९८० च्या सुमारास विकसित झाली. मादीला संप्रेरकाची इंजेक्शने देऊन नेहमीपेक्षा जास्त अंडी मिळवतात. नराशी संयोग झाल्यावर फलित अंडी बाहेर काढतात. नराकडून व मादीकडून आलेली केंद्रके एक होण्यापूर्वी, सूक्ष्मदर्शकाखाली अतिबारीक काचेच्या सुईने एका केंद्रकात हवे ते जनुक सोडतात. नसबंदी केलेल्या नराशी संयोग झालेल्या दुसऱ्या मादीत ही अंडी ठेवतात. जन्मलेल्या पिल्लांच्या शेपटीचा लहान तुकडा तपासून जनुक आले की नाही ते पाहतात.

१९८२ मध्ये अमेरिकेत पाल्मिटर, ब्रिन्स्टर व सहकाऱ्यांनी रॅट या मोठ्या उंदराच्या वाढ-संप्रेरकाचे जनुक लहान उंदरात घातले. जन्मलेल्या २१ पिल्लांपैकी ७ पिल्लांत जनुक आढळले व ६ पिल्ले भावंडांपेक्षा बरीच मोठी झाली.

नेमका बदल करण्याच्या पद्धती

वरील पद्धतीत जनुक कोठे बसेल हे आपल्या हाती नसते. म्हणून गर्भाच्या मूलपेशींत ठराविक जनुक बदलून त्या पेशी कोवळ्या गर्भात सोडण्याची पद्धत आली. या कामासाठी कॅपेची, इव्हान्स व स्मिथीज यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१३ पासून क्रिस्पर तंत्रामुळे फलित अंड्यातच नेमका बदल करता येऊ लागला.

उंदरावरून जनावरांकडे

उंदरात साधले ते जनावरात जसेच्या तसे साधत नाही. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथे वाढ-संप्रेरकाचे जनुक घातलेल्या डुकरांत चरबी कमी झाली व खाद्याचा उपयोग सुधारला, परंतु सांधेदुखी व जठरातील व्रण यांनी ती त्रस्त झाली. याउलट दुधातून औषध मिळविण्याची कल्पना यशस्वी ठरली. १९८७ मध्ये ती उंदरात सिद्ध झाली आणि २००९ मध्ये परजनुकीय शेळीच्या दुधातील औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली.

शेतकरी बंधूंनी लक्षात ठेवावे

भारतात १९८९ च्या नियमांनुसार परजनुकीय जीव सोडण्यास केंद्र शासनाच्या समितीची मान्यता आवश्यक आहे. 'जनुक बदललेले जनावर' म्हणून कोणी जादा किंमत सांगितल्यास मान्यतेचा कागद मागावा व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. आपल्या गोठ्यासाठी सिद्ध वळूचे रेत, दुधाच्या नोंदी व संतुलित आहार हाच आजही खात्रीचा मार्ग आहे.