इंद्रवेल्लीची वाट
सायकलीवरून घाट चढण्याची हौस आमच्या किनाऱ्यावरील अनेक तरुणांना आहे, याचा आम्हास आनंद वाटतो. त्यांना आम्ही एक दूरची वाट सुचवितो: तेलंगणातील आदिलाबादहून गुडीहतनूरमार्गे उटनूरकडे जाणारी. डोंगरांतील या रस्त्याजवळच केस्लापूरचा नागोबा आहे. पौष अमावास्येला मेस्राम गोंडांची जत्रा तेथे भरते. पुढे इंद्रवेल्लीचा स्मारकस्तंभ लागतो. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीचे हक्क मागण्यास आलेल्या गोंडांवर येथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १३ बळी सरकारनेच मान्य केले. हे परक्या राजवटीत घडलेले नाही. मोटारीतून हा स्तंभ निमिषात मागे पडतो. सायकलस्वाराने मात्र तेथे पायउतार व्हावे. चढाची दमछाक विसरली तरी चालेल. ही जागा विसरता कामा नये.