उतरताना पाय का थबकतो?

लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांच्या पायऱ्या चढताना दम लागतो, पण पायांची खरी परीक्षा उतरताना होते. वरच्या पायाचा गुडघा हळूहळू वाकतो, मांडीचा पुढचा स्नायू अख्ख्या अंगाचा भार तोलून धरतो आणि दुसरा पाय खालची पायरी चाचपतो. ती सापडेपर्यंत आपण एका पायावर अधांतरी! पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर भल्याभल्यांचा पाय थबकतो. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्याचा मात्र कोरड्या पायरीवरही थबकतो. पोटाआड दडलेली पावलं आता कुठे दिसू लागली, मग भीती कसली?

मुळात नुसतं उभं राहणं हेच केवढं नवल आहे! शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो. म्हणजे आपण सतत पुढे कलत असतो आणि पोटऱ्या आपल्याला सतत मागे खेचत असतात. डोळे, आतला कान, सांधे आणि तळपाय यांच्याकडून येणाऱ्या खबरींवर मेंदू हे सांभाळतो, आपल्याला पत्ता लागू न देता. पोट सुटलं की भार आणखी पुढे सरकतो. माणूस पाय फाकवून, सावकाश चालू लागतो आणि ती चाल वर्षानुवर्षं अंगात मुरते. वजन काही महिन्यांत उतरतं. नव्या अंगाचा अंदाज मात्र चालून चालूनच येतो.

आणि तो येतो! जितकं वजन उतरतं तितका उभं राहतानाचा तोल सुधारतो, हे कॅनडातल्या लावाल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. गुडघेदुखीच्या रुग्णांवरचा २००५ चा एक अमेरिकी अभ्यास तर सांगतो, की वजन एक किलो घटलं तर गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. तोही दर पावलाला!

तरीही पायरीवरची ती भीती खोटी नसते. चरबीबरोबर स्नायूही झडतो, उतरताना भार तोलणारा मांडीचा स्नायूसुद्धा. बी-१२ किंवा बी-१ जीवनसत्त्व कमी पडलं तर नसा दुखावतात, तळपाय बधिर होतात आणि मेंदूकडे जाणारी खबर तुटते. कॅनडाच्याच क्वीबेक प्रांतातल्या, ही शस्त्रक्रिया झालेल्या १२,६७६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर हाडं मोडण्याचा धोका वाढलेला दिसला. त्यात घाबरलेला माणूस अंग ताठ करतो, पुढे चालणंच टाळतो, आणि न वापरलेला स्नायू आणखी झडतो.

म्हणून घरात असं कुणी असेल तर ‘आता बारीक झालास, घाबरतोस कशाला?’ असं म्हणू नका. पायाला मुंग्या येत असतील, पाय बधिर वाटत असतील तर तो मनाचा खेळ समजू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. प्रथिनं आणि पायांचे व्यायाम सुटू देऊ नका. आधी लोणावळ्याच्या सपाट रस्त्यावर, मग भाज्याच्या पायऱ्यांवर आणि कोरड्या हिवाळ्यात लोहगडावर त्यांच्यासोबत चला. उतरताना त्यांच्या एक पायरी खाली राहा आणि हात ओढू नका, त्यांना तुमचा खांदा धरू द्या.