समुद्रपुष्प : किनाऱ्यावरील एक अनुसूचीबाह्य प्राणी

समुद्रपुष्प नावाने फूल असले तरी तो आंतरगुही संघातील मांसाहारी प्राणी होय. खडक घडविणारा प्रवाळ हा त्याचा भाऊबंद. दोघांचा वर्ग एकच. प्रवाळ चुन्याचा सांगाडा निर्माण करतो, समुद्रपुष्प करीत नाही. हा भेद शरीररचनेपुरता न राहता कायद्यापर्यंत कसा पोहोचला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समशीतोष्ण खडकाळ किनाऱ्यांवरील ‘अ‍ॅक्टिनिया इक्विना’ ही या गटातील सुपरिचित जाती. भरतीच्या पाण्यात शुंडके पसरून दंशकोशिकांच्या साहाय्याने ती भक्ष्य पकडते. ओहोटी लागताच शुंडके आत ओढून घेते व खडकाला चिकटलेल्या लाल गोळ्यासारखी दिसू लागते. शुंडकांखालील निळ्या मण्यांची माळ शोभेची नसून शेजाऱ्याशी जागेसाठी लढण्याचे ते शस्त्र आहे. (जागेचा प्रश्न केवळ मुंबईकरांचाच नव्हे!) तिचे आयुष्यही दीर्घ असू शकते. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेले ‘ग्रॅनी’ नावाचे समुद्रपुष्प १८८७ पर्यंत जगले. स्वतः डॅलिएल १८५१ मध्येच निवर्तले होते.

मुंबईचा किनारा उष्णकटिबंधातील असला तरी तेथील खडकांतही ओहोटीनंतर डबकी उरतात व त्यांत समुद्रपुष्पे आढळतात. ए. एच. परुळेकर यांनी १९६८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातून नागरिकही अशा जीवांच्या नोंदी करीत आहेत.

वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक घडविणाऱ्या प्रवाळांचा समावेश झाला. समुद्रपुष्पांचा झाला नाही. परिणामी, मुंबई सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी व हाजी अली येथील प्रवाळ वसाहती परवानगी घेऊन अन्यत्र हलविण्यात आल्या. समुद्रपुष्पांच्या बाबतीत तशी सक्तीच नव्हती. मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला.

सक्ती नसलेली ही मोजदाद महाविद्यालयांना करता येण्याजोगी आहे. शेलारहून हाजी अलीला एका दिवसात जाऊन येता येते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीस खडकावर ठरावीक चौरस आखावा, प्राणी न उचलता छायाचित्र घ्यावे, संख्या लिहावी आणि दरवर्षी त्याच जागी परत जावे.