काच ओढणाऱ्यांची विद्या

१९६६ साली इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेतून चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्या काळातली चांगली म्हणवली जाणारी काचही प्रकाश इतका गिळायची, की वीस मीटर जाईपर्यंत शंभरातला जेमतेम एक भाग उरायचा. काओंचं म्हणणं असं, की हा दोष काचेच्या पिंडातला नाही, तिच्यात राहून गेलेल्या लोखंड-तांब्यासारख्या धातूंच्या अंशांचा आहे. ते काढून टाकले, तर एक किलोमीटरनंतरही तो शंभरावा भाग उरेल आणि टेलिफोनच्या कामाला तेवढा पुरेल. या विचारासाठी काओंना २००९ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि ते योग्यच झालं. पण त्या निबंधात अशी काच बनवायची कशी, याचं उत्तर नव्हतं. ते दुसऱ्यांनी शोधलं, आणि त्यांच्या कामाला आपण सहसा 'उत्पादन तंत्र' असं म्हणून दुसऱ्या पंगतीला बसवतो. ही विभागणी मला चुकीची वाटते. एखादी वस्तू बनवण्याची रीत शोधणं हा तत्त्वाच्या शोधाच्या तोलाचा शोध आहे. त्याला स्वतःची बुद्धी लागते, स्वतःचं विज्ञान लागतं, आणि ज्या देशाकडे ही रीत नसते त्याला नुसतं तत्त्व माहीत असून भागत नाही. प्रकाशतंतू आणि चुंबक या दोन वस्तूंच्या इतिहासात याचा पुरावा जागोजाग सापडतो.

काओंच्या आधीचं एक लहानसं उदाहरण आधी घेऊ. तंतूभोवती कमी अपवर्तनांकाचं आवरण असलं तर प्रकाश आतच परावर्तित होत राहतो, ही कल्पना १९५४ पासून लोकांपुढे होती. नेदरलँड्समधले अब्राहम व्हान हील यांनी ती मांडली होती. नरिंदरसिंग कपानी आणि हॅरल्ड हॉपकिन्स यांचं तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवण्याचं कामही त्याच वर्षी प्रसिद्ध झालं. अडचण आवरणाची होती. प्लास्टिक, लाख, तेल असलं काहीही वरून लावलं, तरी काचेच्या पृष्ठभागावरची धूळ आणि ओरखडे मध्ये राहून प्रकाश गळायचाच. १९५६ साली मिशिगन विद्यापीठातल्या लॉरेन्स कर्टिस या पदवीच्या विद्यार्थ्याने काचेची कांडी दुसऱ्या प्रकारच्या काचेच्या नळीत घातली, दोन्ही एकत्र तापवल्या आणि एकदमच ओढल्या. आवरण काचेचंच झालं आणि तंतूच्या जन्माबरोबरच त्याला चिकटलं. यात नवं भौतिकशास्त्र काहीच नव्हतं, तरीही पोटात डोकावणारी दुर्बीण खऱ्या अर्थाने याच कृतीने शक्य केली.

काओंच्या निबंधानंतर बहुतेकांनी रूढ वाट धरली. कच्चा माल शुद्ध करायचा, मुशीत वितळवायचा, आणि एकात एक बसवलेल्या दोन मुशींच्या तळाच्या भोकांतून गाभा आणि आवरण एकत्र ओढायचे. ब्रिटिश टपाल खात्याच्या संशोधकांनी या वाटेवर बरीच वर्षं निष्ठेने काम केलं. पण भुकटी शुद्ध करायला मर्यादा असतात, आणि वितळलेली काच मुशीतूनही काहीबाही उचलते. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीतल्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी उलटी निवड केली. शुद्ध सिलिका ही सर्वांत त्रासदायक काच आहे. ती मऊ व्हायला दोन हजार अंशांच्या घरातलं तापमान लागतं, आणि तिचा अपवर्तनांक इतका कमी, की गाभ्यासाठी ती सोयीची नाही. मात्र कॉर्निंगच्याच फ्रँक हाइड यांनी १९३० च्या दशकात ती बनवण्याची एक वेगळी रीत शोधून ठेवली होती. सिलिकॉन टेट्राक्लोराइड या द्रवाची वाफ ज्योतीत सोडायची. तिच्यातून सिलिकाची पांढरी, काजळीसारखी बारीक भुकटी झडते, आणि ती भाजली की काच होते.

या रीतीचं मर्म उकळण्यात आहे. सिलिकॉन टेट्राक्लोराइड ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. लोखंड आणि तांबं यांची क्लोराइडं त्या तापमानाला भांड्यातच पडून राहतात. म्हणजे वाफ होताना माल आपोआप गाळला जातो, आणि ज्या धातूंकडे काओंनी बोट दाखवलं होतं ते मागेच सुटतात. शुद्ध करणं आणि घडवणं ही दोन कामं एकाच कृतीत उरकली, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत देखणा विचार हाच. गाभ्याचा अपवर्तनांक वाढवण्यासाठी त्यांनी वाफेत टायटॅनियम मिसळलं, आणि १९७० साली किलोमीटरला १७ डेसिबल इतकाच ऱ्हास असलेला तंतू मिळाला. काओंची अट, म्हणजे किलोमीटरनंतर शंभरावा भाग उरणं, वीस डेसिबलची होती. हा तंतू भट्टीत पुन्हा तापवावा लागे आणि त्यामुळे तो ठिसूळ होई. म्हणून १९७२ मध्ये टायटॅनियमच्या जागी जर्मेनियम आलं आणि ऱ्हास चारवर उतरला. कॉर्निंगने या कामाची दोन वेगळी अमेरिकी पेटंट घेतली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मॉरर आणि शुल्ट्झ यांच्या नावावरचं पेटंट तंतूचं, तर केक आणि शुल्ट्झ यांच्या नावावरचं तो बनवण्याच्या पद्धतीचं. वस्तू आणि तिची कृती हे दोन शोध आहेत, हे तिथल्या पेटंट कचेरीला मान्य होतं.

ज्योतीच्या रीतीत एक खोट होती. ज्वलनातून पाणी तयार होतं, आणि पाण्यातला हायड्रॉक्सिल गट काचेत शिरला की १.३८ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश शोषतो. दशलक्षात एक भागही तिथे घात करतो. बेल लॅबोरेटरीजमधल्या जॉन मॅकचेस्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये यावर तोड काढली. सिलिकाची पोकळ नळी लेथवर आडवी फिरत ठेवायची, तिच्या आतून क्लोराइडांची वाफ आणि ऑक्सिजन सोडायचा, आणि बर्नर नळीच्या बाहेरून पुढे-मागे न्यायचा. उष्णता आत पोचते, ज्योतीतलं पाणी बाहेर राहतं. आत तयार झालेली भुकटी ज्योतीच्या पुढच्या, थंड भिंतीवर बसते आणि मागून येणारा बर्नर तिची पारदर्शक काच करतो. एकेका फेरीला एकेक थर. प्रत्येक थरात जर्मेनियम किती, हे झडपांच्या हातात. शेवटी आच वाढवून नळी स्वतःवर मिटवली, की भरीव कांडी तयार. तिला प्रीफॉर्म म्हणतात. कॉर्निंगने आपली बाहेरून थर चढवण्याची रीत सोडली नाही. सच्छिद्र कांडी भाजताना क्लोरीन सोडून तिने ती कोरडी केली. जपानमध्ये एनटीटीच्या तात्सुओ इझावा यांनी १९७७ मध्ये तिसरी वाट काढली: फिरत्या कांडीच्या टोकाला खालून भुकटी चढवत राहायचं आणि कांडी वर खेचत न्यायची, म्हणजे लांबीला बंधन उरत नाही. १९७९ साली जपानी संशोधकांनीच १.५५ मायक्रॉनवर किलोमीटरला ०.२ डेसिबल गाठले. तेरा वर्षांपूर्वी वीस मीटरनंतर उरणारा शंभरावा भाग आता शंभर किलोमीटरनंतर उरत होता.

कांडी झाली म्हणजे तंतू झाला, असंही नाही. अनेक मजली उंच मनोऱ्याच्या माथ्यावरच्या भट्टीत कांडीचं टोक दोन हजार अंशांच्या आसपास मऊ करून खाली ओढतात. गाभा आणि आवरण यांचं प्रमाण कांडीत जसं असतं तसंच केसाएवढ्या तंतूत उतरतं: बाहेरचा व्यास १२५ मायक्रॉन, आतला गाभा आठ-नऊ. लेसर व्यास मोजत राहतो आणि त्यानुसार खालच्या चाकाचा वेग बदलत राहतो. ताज्या ओढलेल्या काचेचं बळ पोलादाला लाजवणारं असतं, पण तिला नुसता स्पर्श झाला, तरी पृष्ठभागावर सूक्ष्म चीर पडते आणि ते बळ जातं. म्हणून कोणत्याही चाकाला टेकण्याआधीच तिच्यावर आत मऊ, बाहेर कडक असे ॲक्रिलेटचे दोन थर चढवून अतिनील प्रकाशात पक्के करतात. समुद्राच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून राहणारी केबल या दोन थरांच्या भरवशावर टिकते, आणि लोकप्रिय लेखनात त्यांना एक ओळही मिळत नाही.

इथे एक आक्षेप सरळ येतो: हे सगळं काओंनी रस्ता दाखवल्यानंतरचं, आणि बरंचसं चुकत-माकत हाती लागलेलं; तत्त्व नसतं तर कृती कुठून आली असती? यातला पहिला भाग मला मान्य आहे. वीस डेसिबलचा आकडा समोर नसता, तर कॉर्निंगला कुठवर जायचं हेच कळलं नसतं. पण तत्त्वाकडून कृतीकडे जाणारी वाट एकेरी नाही. नळीत भुकटी भिंतीवरच का बसते, हे समजून घ्यायला बेलच्या लोकांना उष्ण वायूतले कण थंड बाजूकडे का ढकलले जातात याचं शास्त्र नव्याने हाताळावं लागलं. त्याहून मोठा पुरावा साउदॅम्प्टन विद्यापीठातला आहे. डेव्हिड पेन यांच्या गटाने १९८० च्या दशकात नळीच्या याच पद्धतीत फेरफार करून गाभ्यात एर्बियमसारखी मूलद्रव्यं मिसळायला सुरुवात केली. त्यातून १९८७ साली असा तंतू निघाला, जो प्रकाशाचं विजेत रूपांतर न करताच त्याला बळ देतो. आजचं आंतरखंडीय इंटरनेट या प्रवर्धकावर उभं आहे. ज्यांच्या हातात लेथ आणि झडपा होत्या, त्यांच्याच हातात नवं भौतिकशास्त्र आलं.

चुंबकांची गोष्ट हेच आणखी ठळक करते, कारण तिथे एकच पदार्थ दोन कृतींनी जगात आला. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं अतिशय बलवान चुंबकीय संयुग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे शोधलं. सागावांची रीत चूर्णाची: मिश्रधातू काही मायक्रॉनपर्यंत दळायचा, चुंबकीय क्षेत्रात सगळे कण एका दिशेला वळवायचे, दाबायचे आणि हजार अंशांहून अधिक तापमानाला भाजून घट्ट करायचे. क्रोट यांची रीत गोठवण्याची: वितळलेला धातू वेगाने फिरणाऱ्या थंड चाकावर सोडला, की क्षणात त्याची पातळ फीत होते आणि आतले स्फटिक अतिसूक्ष्म राहतात. पहिल्या रीतीचे चुंबक जास्त बलवान, म्हणून मोटारींच्या मोटर्समध्ये आणि पवनचक्क्यांत ते गेले. दुसऱ्या रीतीची भुकटी राळेत मिसळून हव्या त्या आकारात साच्यातून काढता येते, म्हणून ती लहान मोटरींत गेली. रासायनिक सूत्र तेच, पण दोन कृतींनी दोन वेगळे उद्योग उभे केले.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: पेटंट तर छापलेली असतात, मुदत संपली की कोणीही वाचावं आणि बनवावं, आणि बनवायचं तरी कशाला, स्वस्त मिळतं ते विकत घ्यावं. हा हिशेब अमेरिकेने करून पाहिला. जनरल मोटर्सने क्रोट यांच्या शोधावर उभी केलेली मॅग्नेक्वेंच ही कंपनी १९९५ मध्ये चिनी भागीदारी असलेल्या गटाला विकली गेली आणि पुढच्या काही वर्षांत तिचं उत्पादन चीनला गेलं. मूळ पेटंटांची मुदत आता संपली आहे, तरी एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मूलद्रव्यं आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा जगभरचे वाहन कारखाने अडखळले. बजाज ऑटोच्या चेतक स्कूटरचं उत्पादनही त्या पावसाळ्यात मंदावलं. सूत्र पाठ्यपुस्तकात होतं, केरळ आणि ओडिशाच्या किनाऱ्यांच्या वाळूत निओडिमियमही होतं. नव्हती ती दळताना प्राणवायू कसा दूर ठेवायचा, भट्टी कोणत्या चढणीने तापवायची, कण किती बारीक झाले की थांबायचं ही जाण. पेटंटात ती पूर्ण उतरत नाही, कारण बरीचशी ती यंत्रावर उभं राहिलेल्या माणसांमध्ये असते.

तंतूंच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राजवळ याउलट दाखला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींत स्टरलाइट टेक्नॉलॉजीज नुसता तंतू ओढत नाही, त्याची काचेची कांडीही तिथेच घडवते. बाहेरून कांडी आणून इथे ओढणं सोपं होतं, आणि अनेक देशांत तेच चालतं. पण किमतीचा आणि विद्येचा मोठा वाटा कांडीत असतो. चुंबकांत आपण अजून त्या पायरीच्या बरेच खाली आहोत. आयआरईएल या सरकारी कंपनीने विशाखापट्टणमला भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेच्या तंत्रावर समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना उभारला, त्याची क्षमता वर्षाला ३,००० किलो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने भाजलेल्या दुर्मीळ-मृदा चुंबकांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तिचं लक्ष्य वर्षाला ६,००० टन. धातू वेगळा असला, तरी किलोंतून टनांत, दोन हजार पटींनी जायचं आहे. यंत्रं विकत आणून इमारत लवकर उभी राहील. पण कोणत्या भट्टीत कोणता घाणा का बिघडला, हे शोधण्यासाठी माल वाया घालवण्याची मुभा असलेली एखादी लहान उत्पादन-रांग त्या पैशांतून निघते का, आणि तिच्यावर धातुशास्त्रज्ञांबरोबर आयटीआय शिकलेले भट्टी-कारागीर वर्षानुवर्षं टिकतात का, हे मी त्या योजनेच्या प्रत्येक वार्षिक अहवालात आधी शोधीन.